पुरळाचा प्रश्न

एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. दिवस वेगळा, फोनवर पलीकडची बाई वेगळी, तिच्या मागचे आवाज वेगळे, कुठे नळ, कुठे कुत्रं, कुठे पाढे म्हणणारी मुलगी. पण वाक्य तेच आणि आवाजही तोच, थोरलीचा. ऐकण्याच्या खोलीत भिंतींना करड्या स्पंजच्या लाद्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे कुठलाही आवाज निघून जायचा नाही, अंगाला चिकटून बसायचा. ‘तुमच्या गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला किंवा घरात कुणाला अंगावर पुरळ उठून ताप आला होता का, नाही ना?’ आणि पलीकडून लगेच, ‘नाही.’ पुन्हा तेच. पुन्हा ‘नाही’. गल्लीत कुत्रं बसलेलं दिसलं की माणूस नाकासमोर बघत भरभर पुढे जातो, तसा तिचा आवाज त्या वाक्यावरून जात होता. आधीचे प्रश्न सावकाश, गोळ्यांचा, तापाचा, रंग-रसायनांच्या कामाचा, नंतरचेही सावकाश. मधे फक्त हे एक वाक्य धावत सुटलेलं आणि त्याच्या शेपटाला ते दोन शब्द.

‘हे “नाही ना” कुठून आलं?’ कान म्हणाली. मुलाखती तपासणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे कानच म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, कान होती म्हणूनच. ‘प्रश्नावलीत नाही ते.’

‘मी म्हणते हे?’

‘दर वेळेला. मला वाटलं एखाद्या दिवशी दमली असशील. पण नाही गं, पहिल्यापासून आहे.’ कानने आवाज बंद केला. ‘आकडेमोड करणाऱ्याला खटकलं आधी. बाकीच्या तिघींच्या मुलाखतींत थोड्या का होईना, बाया “हो” म्हणतात. तुझ्याकडे एकही नाही. तो म्हणाला, ह्यांच्या वाट्याला येणाऱ्या बायांच्या घरी पुरळ उठतच नाही का? देवाची मर्जीच दिसते.’

थोरली हसली. हसण्यासारखं होतंही. पन्नाशीला टेकलेली बाई, केस रंगवायचे सोडून दिलेली, चार वर्षं रोज सकाळी इथे येऊन फोनवर आयांना प्रश्न विचारते, आणि तिच्या तोंडातून रोज दोन शब्द बाहेर पडतात ज्यांची तिला खबरच नाही. आपल्याच पाठीवर कुणीतरी कागद चिकटवावा आणि आपण तो घेऊन चार वर्षं बाजारभर हिंडावं, तसं. तिने टेबलाची कड धरली. कड गार होती.

‘हसण्यावारी नेऊ नकोस,’ कान म्हणाली. ‘अहवालात पुरळाचा भाग ठेवायचा की गाळायचा ह्यावर चाललंय. तुझे “नाही” धरले तर आकडा इतका बारीक होतो की वरचे म्हणणार, इथे त्याचा त्रास नाही, मुलींना लस द्यायचा खटाटोप कशाला. बाळांच्या ह्या सगळ्या जन्मदोषांत टाळता येण्यासारखं आहेच किती? त्यातलं हे एक, एका सुईनं टळणारं. तुझे “नाही” काढून टाकले तर उरतं ते पुरेसं नाही. म्हणजे पुन्हा फोन करावे लागणार. त्या एका प्रश्नासाठी, प्रत्येकीला.’

‘करते मी.’

‘आधी मला म्हणून दाखव.’

थोरलीने घसा साफ केला. वाक्य पाठच होतं. गरोदरपणापर्यंत नीट आली, तीन महिन्यांवर पाय ठेवला, आणि मग जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं वाक्य हातातून सुटलं; ‘का’च्या पुढे जीभ आपोआप वळली, आणि तिने ती दातांत धरली. धरलेली कानला दिसली. कानने काही विचारलं नाही. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसांना न विचारण्याची एक रीत येते. ‘उद्या सकाळी ये,’ ती म्हणाली. ‘घरी कुणालातरी समोर बसवून म्हण. उद्या जमलं तर फोन तुझे. नाहीतर मी दुसरीला देते, आणि तू काही दिवस नुसती पत्ते शोधायला बस. राग मानू नकोस.’

राग कसला मानायचा. रस्त्याने जाताना ती ते वाक्य मनात म्हणत होती आणि पावलं वाक्याबरोबर वेग घेत होती. नुसते पत्ते शोधायला बसायचं म्हणजे आयांचे आवाज बंद. आणि तिला ते आवाज हवे होते. हे काम तिने पोटासाठी धरलं असं ती सांगत असे, ते अर्धंच खरं होतं. ज्यांच्या बाळात जन्मतः काही दोष होता अशा आया, आणि ज्यांचं बाळ धडधाकट होतं अशाही. दोघींना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच चालीत, आणि प्रश्न संपला की गप्प राहायचं. विचारायचं आणि थांबायचं, कामाआधीच्या शिकवणीच्या पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. दया दाखवायची नाही, सुचवायचं नाही. आठवणीला फक्त टेकू द्यायचा. तेव्हा कुठे राहत होता, थंडी होती की उकाडा, अंगात कुठला स्वेटर होता. धडधाकट बाळांच्या आया पटापट उत्तरं देऊन मोकळ्या होत. दुसऱ्या आया थांबत. त्या रोज रात्री तेच खणत असल्यामुळे त्यांच्या हाताला आधीच माती लागलेली असे. आणि प्रत्येकीकडे तिचं स्वतःचं एक कारण तयार असे, जे प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. एकीने नवऱ्याशी भांडून दिवसभर जेवण टाकलं होतं. एकीने स्टुलावर चढून बल्ब बदलला होता. तीच ती, जिच्या मागे पाढे चालू होते. बाळाच्या काळजाला भोक होतं, डोळ्यांत दूध सांडल्यासारखं पांढरं होतं, आणि बाई परत परत त्या बल्बापाशी येत होती. ‘घरात दुसरं कुणी उंच नव्हतं हो,’ ती म्हणाली होती, आणि शिकवणीत सांगितलं होतं तसं थोरलीने गप्प राहून ते ऐकून घेतलं होतं.

थोरलीच्या आईकडे शिलाई मशीन होतं. लोखंडी पायांचं, चाकाचं, एका माणसाने हलवू नये असं. धाकटा भाऊ पोटात असताना आईने ते एकटीने आतल्या खोलीतून खिडकीपाशी आणलं होतं, उजेडासाठी. ‘तेव्हाच काहीतरी हललं,’ ती सांगे. पाहुण्यांना, डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना. धाकट्याला ऐकू का येत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन का करावं लागलं, छातीत ठोक्यामागे ती बारीकशी फुंकर का ऐकू येते, सगळ्याला उत्तर ते मशीन. सांगताना दोन्ही हात पुढे करून, कंबरेतून वाकून ती ते मशीन पुन्हा ढकलून दाखवी. धाकट्याने ते इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढे पाहुणे आले की तोच उठून दाखवायचा, पोटाची ढेरी काढून, डोळे फिरवून, खुर्ची ढकलत ढकलत दारापर्यंत, आणि पाहुण्यांना हसावं की नाही ते कळायचं नाही. आई मात्र पोट धरून हसायची. त्याच्या हातांच्या भाषेत आईचं नावच मशीनचं चाक फिरवणं असं होतं. थोरलीचं नाव वेणी ओढणं. वेणी कापून किती वर्षं झाली, तो अजून हवेत ओढतो.

आणि थोरलीकडे काय होतं? एक सफरचंद होतं. आईने पातळ चकत्या करून, एकेक चकती तिच्या तोंडात घालून भरवलेलं. अंगावर गुलाबी ठिपके होते, कानामागून सुरू झालेले, ताप म्हणावा तर नावाला. शाळा नाही. आई दिवसभर पलंगावर शेजारी, तिचा गार तळवा कपाळावर, मशीन बंद. ते दोन-तीन दिवस तिच्या लहानपणातले सगळ्यांत लाडाचे होते, इतके की ठिपके फिकट व्हायला लागले तेव्हा तिने पांघरुणाखाली हात खाजवून पुन्हा लाल करायचा प्रयत्न केला होता. आई हसून म्हणाली होती, लबाड. मग आईला दोन दिवस अंग मोडल्यासारखं झालं आणि तेही गेलं. एवढंच. ही आठवण ती मोठेपणी कधीतरी काढून पाही आणि पुन्हा घडी घालून ठेवी, जशी चांगली साडी. मग शिकवणीत पडद्यावर एका मुलाचं चित्र आलं. मान वळवलेली, कानामागे ठिपके, गुलाबी. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या की मुलाला ह्याने काहीच होत नाही, चार दिवसांत खेळायला लागतं. पण घरात गरोदर बाई असेल, पहिले महिने असतील, तर बाळाचे कान, डोळे, काळीज. थोरलीने हात वर केला होता. बाईंना वाटलं शंका आहे. तिने विचारलं, चहाची सुट्टी कधी? सगळे हसले. तिने त्या दिवशी चहा घेतला, बिस्किटंही खाल्ली, आणि ते चित्र तिच्या आत कुठेतरी जाऊन बसलं, कागद आत अडकला तरी यंत्र चालूच राहावं तसं. कुणाला सांगणार? आईला? आईला सांगावं तर मशीन सुटलं असतं तिच्या मानेवरून, इतक्या वर्षांनी. पण मग ते कुणाच्या मानेवर आलं असतं? आणि धाकट्याला काय सांगणार, कुठल्या खुणेने? वेणी ओढून मग काय?

ती घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती आणि धाकटा नुकताच कामावरून आला होता. तो मोठ्या धुलाईकेंद्रात होता, इस्पितळांच्या चादरी तिथे जात. कढत कापडाचा वास त्याच्या अंगाबरोबर घरात येई. चालू यंत्राच्या पत्र्यावर तळवा ठेवून ते आतून कुठे खडखडतंय हे तो सांगे. आई म्हणे, माणसांपेक्षा त्याला यंत्रांशी बोलायला आवडतं, निदान ती तोंडं वेडीवाकडी करत नाहीत. त्याने थोरलीला पाहून हवेत वेणी ओढली, तिच्या चेहऱ्याकडे जाड चष्म्यातून नीट बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, काय झालं? तिने हाताने सांगितलं, काम. त्याने खांदे उडवले आणि आंघोळीला गेला.

‘शेजारीण आहे का गं घरी?’ थोरलीने विचारलं. शिकवणीच्या वेळी घरी सराव करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिने शेजारणीला पकडलं होतं. शेजारणीला मूलबाळ नव्हतं, पण तिने अशा काही गरोदरपणाची उत्तरं दिली होती की प्रश्नावली संपेपर्यंत तिला जगातले निम्मे आजार होऊन गेले होते.

‘बहिणीकडे गेलीये. का?’

‘सराव करायचाय. एक प्रश्न मला नीट विचारता येत नाहीये म्हणतात. उद्या म्हणून दाखवायचाय, नाही जमलं तर फोन काढून घेतील.’

‘मग मला विचार,’ आई म्हणाली. शेंग तिच्या अंगठ्याखाली फटकन उघडली. ‘एवढी वर्षं जगातल्या आयांना विचारत हिंडतेस. मी काय सावत्र आहे?’

‘तुला कंटाळा येईल.’

‘मला कंटाळा येतो तो तू गप्प बसतेस त्याचा. विचार.’

थोरलीने पिशवीतून कागद काढले. आईच्या समोर न बसता ती टेबलाच्या कोपऱ्याला बसली, म्हणजे समोर फक्त वाटाण्यांचं भांडं. पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे राहत होता? आई म्हणाली, इथेच, तुला माहीत नाही का? थोरली म्हणाली, असं नाही म्हणायचं, उत्तर द्यायचं. ‘बरं बाई. इथेच.’ थंडी होती की उकाडा? ‘पाऊस नव्हता एवढं आठवतं. कपडे वाळत होते.’ कुठली औषधं? कसलं काम? ‘शिवायचे. दुसरं काय येत होतं मला.’ जड वस्तू उचलण्याचा प्रश्न नव्हता; आईच वाट बघत होती की तो येईल, दोन्ही हात आपोआप टेबलावरून उठलेही होते, आणि तो आला नाही म्हणून तिने ते पुन्हा शेंगांत घातले. थोरलीला ते हात दिसले. किती वर्षं ढकलतेय ही ते मशीन, तिच्या मनात आलं, आणि पुढच्याच ओळीवर पुरळाचा प्रश्न होता.

आतून आंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता. तिने श्वास घेतला आणि वाचायला लागली. तुमच्या गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत. सावकाश. तुम्हाला किंवा घरात कुणाला. घरात कुणाला, ह्या शब्दांचं वजन तिला पहिल्यांदा जिभेवर जाणवलं, ओल्या कापडासारखं. अंगावर पुरळ उठून,

‘नाही,’ आई म्हणाली.

प्रश्न संपला नव्हता. थोरलीने मान वर केली. आई शेंगेकडे बघत होती. शेंग कधीच रिकामी झाली होती आणि अंगठा तिच्यातून अजून फिरत होता. इतक्या घाईने ‘नाही’ म्हणणारं माणूस थोरलीने आजच ऐकलं होतं, स्पंजाच्या खोलीत, पुन्हा पुन्हा; फक्त तिथे ते प्रश्नाच्या बाजूला बसलं होतं आणि इथे उत्तराच्या. मग एक फारच क्षुल्लक गोष्ट तिला आठवली. ह्या घरातली दारं. लहानपणी धाकट्याचा विषय निघाला की आई-बाबा आतल्या खोलीत जात आणि दार लावून घेत. डॉक्टरांकडून आले की दार. आत्या आली की दार. मोठी माणसं बोलत असली की लहानांनी ऐकू नये, असंच ती धरून चालली होती. बाहेरच्या खोलीत ती आणि धाकटा जमिनीवर ठोकळे मांडत बसायचे, आणि दारामागून आईचा बारीक आवाज यायचा. धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून लावतात, असं तिने स्वतःला समजावलं होतं, आणि ते आज ह्या क्षणापर्यंत तिला पुरलं होतं. पण धाकट्याला तर ऐकूच येत नव्हतं. त्याच्यापासून लपवायला दार कशाला लागतं? त्याच्या कानाशी ताट वाजवलं तरी तो ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला असता. बाहेरच्या खोलीत ऐकू येणारं माणूस एकच होतं.

नियम असा होता की उत्तर प्रश्नाच्या आधी आलं, तर तोच प्रश्न त्याच शब्दांत एकदा पुन्हा विचारता येतो. एकदाच. जोर द्यायचा नाही. थोरलीने कागदावर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. आवाज धावला नाही. का तेही तिला कळलं नाही. कदाचित आता धावून जायला जागाच नव्हती. ताप आला होता का, इथे वाक्य संपलं. ती थांबली. आतलं पाणी बंद झालं. आईने रिकामी शेंग सालांच्या ढिगावर ठेवली, मग तिथून उचलली, मग पुन्हा ठेवली.

‘गुलाबी होतं,’ आई म्हणाली. ‘लाल म्हणतात तसं नाही. कानामागून सुरू झालं. मला वाटलं उष्णता.’ तिने दुसरी शेंग हातात घेतली. ‘ते नंतर कळलं. डॉक्टरांनीच विचारलं होतं, घरात कुणाला होतं का. तू बाहेर होतीस.’

थोरलीने बोट एक ओळ खाली सरकवलं. आपलं काही बोलायचं नसतंच तिथे. उत्तर ‘हो’ आलं तर लगेच खाली एक प्रश्न होता, जरा आत सरकवून छापलेला. चार वर्षांत तो तिने एकदाही मोठ्याने म्हटला नव्हता. तिच्याकडे कुणी ‘हो’ म्हणालंच नव्हतं. कागदाच्या त्या भागावर बोटांचे डागसुद्धा नव्हते. तिने वाचला. ‘त्या व्यक्तीची शुश्रूषा तुम्ही स्वतः केली होती का?’

‘मग काय शेजारणीनं करायची?’ आई म्हणाली. ‘पुढचं विचार. वाटाणे संपत आले.’

पुढचं तिने विचारलं. सगळं विचारलं, शेवटपर्यंत. धाकटा केस पुसत बाहेर आला, एकीकडे आई, कोपऱ्यात बहीण आणि मधे कागद बघून त्याने हवेत चाक फिरवलं, मग वेणी ओढली, मग दोन्ही हात पसरले: तुम्हा दोघींचं चाललंय काय? आईने दोन्ही हात पुढे केले, कंबरेतून वाकली आणि टेबल ढकलल्यासारखं केलं. तो खो खो हसला. मूठभर वाटाणे उचलून तोंडात टाकले आणि आईने त्याच्या हातावर चापट मारली. थोरलीला वाटलं होतं की आता काहीतरी उतरेल, मानेवरून, छातीवरून, निदान डोळ्यांतून. तसं काही झालं नाही. फक्त मशीन हलवणारे आईचे हात तिने पहिल्यांदा नीट पाहिले. ते ढकलत नव्हतेच, कुणीतरी येऊ नये म्हणून दार धरून ठेवावं तसे ते होते.

सकाळी तिने कानला वाक्य म्हणून दाखवलं. कानने डोळे मिटून ऐकलं. ‘का’नंतरची शांतता ऐकली. ‘काय केलंस?’ तिने विचारलं. ‘आईला विचारलं,’ थोरली म्हणाली. कानने मान हलवली आणि फोनकडे बोट दाखवलं.

पहिला नंबर बल्बवाल्या बाईचा होता. बाईने आवाज ओळखला. बाळाचं विचारलं तर म्हणाली, डोळ्याचं एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचंय, आता दिव्याकडे बघून हसतो. मागे पाढे चालूच होते. मुलगी आता पुढच्या पाढ्यांवर गेली होती आणि मधेच अडखळत होती. थोरलीने सांगितलं की मागच्या वेळी एक प्रश्न माझ्याकडून नीट विचारला गेला नाही, म्हणून पुन्हा विचारते. माझी चूक. बाई म्हणाली, विचारा ना. थोरलीने विचारलं. तुमच्या गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तुम्हाला किंवा घरात कुणाला अंगावर पुरळ उठून ताप आला होता का?

आणि ती थांबली. पलीकडे पाढा चालू होता. बाईचा श्वास ऐकू येत होता. श्वास आधी सरळ होता, मग कशाला तरी अडल्यासारखा झाला. ‘कुणाला म्हणजे…’ बाई म्हणाली, आणि तिथेच राहिली. पाढाही थांबला. ‘आई, कोण आहे?’ मुलीने विचारलं.

‘कुणी नाही, तू म्हण,’ बाई तिला म्हणाली. मग फोनमध्ये, एकदम खालच्या आवाजात, ‘एक मिनिट थांबा हं.’

पावलं वाजली. पाढा पुन्हा सुरू झाला आणि लांब लांब जायला लागला. मग दार लावून घेतल्याचा आवाज आला. थोरलीने फोन कानाशी घट्ट धरला आणि वाट बघत राहिली.